पडद्याच्या कडा कोण कापतं?

महोदय,

मुलाच्या संगणकाचं ग्राफिक्स कार्ड हॉलमधल्या टीव्हीला जोडलं, तर खालचा टास्कबार, म्हणजे उघडलेल्या प्रोग्रॅमची पट्टी, अर्धा गायब! दुकानदाराने लगेच सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल पुढे केली. केबलचा काही संबंधच नव्हता. याला म्हणतात ओव्हरस्कॅन: पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून टीव्ही चित्र जरा ताणून कडा झाकतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडलं की काम फत्ते. पण एकेक कंपनी त्याला वेगळंच नाव देते, तेही मेनूच्या तळाशी. खोक्यावर ‘फोरके’, म्हणजे खूप बारकाईचं चित्र, हे मात्र ठळक! एचडीएमआय जोडणीच्या १.४ या आवृत्तीवर ते सेकंदाला ३० फ्रेमपुरतंच, म्हणजे तेवढीच चित्रं. ६० फ्रेम हव्या तर २.० आवृत्ती लागते. कुठलं पोर्ट किती क्षमतेचं, एवढं टीव्हीच्या पाठीवर छापायला कंपन्यांना काय जड जातं?

– एक वाचक, मिरज