आधी अर्थिंग बघ

परभणी
दि. ४ जानेवारी २०२६

चि. अश्विनी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, वीज तर तुमचाच विषय, सांगा ना, इलेक्ट्रिक गाडी घेऊ का." आणि मी सांगायला लागलो की लगेच, "मीटिंग आहे, नंतर बोलते." म्हणून लिहून काढतोय. आई म्हणायली, एवढं लांब कोण वाचतं आता. तू वाचशील. जालन्याहून घरी येताना नको, घरी पोचल्यावर वाच.

आधी माझ्या गाडीचा विषय मिटवतो. "तुम्ही पण जुनी डिझेल विका आणि इलेक्ट्रिक घ्या" हे तू तीनदा म्हणालीस. माझं रनिंग महिन्याला साडेतीनशे किलोमीटर. शेतावर चार चकरा, एखादं लग्न, आईचा दवाखाना. डिझेल लागतं १,८०० रुपयांचं. विजेवर चालवली तर वाचतील फार तर १,२००. तू पाठवलेल्या कोटेशनप्रमाणे इलेक्ट्रिक आणि पेट्रोलमध्ये फरक ३ लाख ७० हजारांचा. तो महिना १,२०० ने फेडायला पंचवीस वर्षं लागतात. तोवर मी नव्वदीचा होईन आणि लायसन कुणी नूतनीकरण करून देणार नाही. माझी आहे ती गाडी चालू दे.

तुझं तसं नाही. संभाजीनगर ते जालना रोज जाऊन-येऊन ११८ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. वर बाजारहाट धरून ३,००० धर. तुझी पेट्रोल गाडी १६ चं अ‍ॅव्हरेज देते असं महेशराव म्हणाले होते (तू १९ सांगतेस, मी त्यांचं धरलं). १०५ रुपये लिटरने महिन्याला १९,७०० होतात. पेट्रोलपंपावर तू कार्ड टेकवून मोकळी होतेस म्हणून हा आकडा कधी एकत्र बघितला नसशील.

आता विजेचा. शोरूमवाल्या पोराने तुला "एक रुपया किलोमीटर" सांगितलं. त्याला स्लॅब माहीत नाही, किंवा माहीत असून सांगत नाही. घरगुती वीज जितकी जास्त वापरशील तितकं पुढचं युनिट महाग होत जातं. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत बरे, त्यापुढे अंगावर येतात. तुझं आजचं बिल १४० युनिटचं. गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाईल असं मी धरलंय. बॅटरीतलं युनिट जास्त पळवतं, पण चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते आणि बिल मीटरवरच्या युनिटचं येतं. म्हणजे ३,००० किलोमीटरला ४६० युनिट. तुझे १४० आधीच वापरून झालेले, त्यामुळे गाडीची सगळी युनिटं पहिल्या स्वस्त १०० च्या वरच्या स्लॅबमध्ये बसतात. कर धरून सरासरी १७ रुपये धरले तर ७,८०० झाले. एक रुपया नाही, दोन रुपये साठ पैसे किलोमीटर.

तरीसुद्धा महिन्याला बारा हजार वाचतात. दर पुढेमागे झाले तरी नऊ-दहा कुठे गेले नाहीत. सर्व्हिसिंगलाही इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, क्लच काही नाही. टायर तेवढे लवकर झिजतात, गाडी जड असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि इलेक्ट्रिकचा ५ वर होता तिथंच राहिला, त्यामुळे दोन्हींमधला फरक उलट वाढला. तरी व्याज धरून तीन वर्षांत तुझा फरक निघतो.

एका गोष्टीवर मात्र तू बोट ठेवलं नाहीस. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. आठ वर्षं बघून तू खूश झालीस. तुझं वर्षाचं रनिंग ३६,०००. साडेचार वर्षांत वॉरंटी संपली. त्या दिवशी बॅटरी बंद पडते असं नाही, पण त्यानंतरचं जे काय होईल ते तुझ्या खिशातून, आणि बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा तुकडा. म्हणून फरक फिटला की पुढे जे बारा हजार वाचतील ते वाचले असं समजायचं नाही, आरडीत टाकायचे. बॅटरी टिकली तर पैसे तुझेच.

आता माझा विषय. मागच्या मे महिन्यात सुनील लग्नाला आला होता ना पुण्याहून, इलेक्ट्रिक गाडी घेऊन? तू दुसऱ्या दिवशी आलीस, म्हणून आदल्या रात्रीची गंमत तुला माहीत नाही. रात्री दहाला त्याने ओट्यावरच्या पंधरा अँपियरच्या पॉइंटला केबल लावली. केबलवरच्या डब्यात लाल दिवा. काढली, लावली, लालच. मग मला म्हणतो, "मामा, तुमच्या घरात करंट नाही." बत्तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला! चार पाहुणे हसले. मी आत जाऊन कपाटावरचा टेस्ट लॅम्प काढला. तोच, होल्डरला दोन वायरी आणि शंभरचा बल्ब. फेज आणि न्यूट्रलला टेकवला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगला टेकवला तर आतली तार नुसती लालसर, विझत्या विडीसारखी.

करंट होता, अर्थिंग मेलं होतं, म्हणजे गळलेली वीज जमिनीत सोडायची वाट तुटली होती. घर बांधलं तेव्हा १९९६ साली मीच खड्डा केला होता, कडुलिंबाच्या अंगाला. पण आपली काळी माती. मेमध्ये ४४ डिग्रीत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पाइप सोडून बाजूला सरकते. फ्रीज, टीव्ही, पंखे सगळं अर्थिंगवाचून बिनबोभाट चालत राहतं. कुणी तक्रार करत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक. ही गाडी पहिली अशी वस्तू बघितली जी म्हणते, अर्थिंग नाही, मी वीज घेत नाही. मला ती तिथंच आवडली, खरं सांगतो.

दोन बादल्या मिठाचं पाणी खड्ड्यात ओतलं आणि बसलो बाजेवर. तासाभराने सुनीलने परत लावली. हिरवा. मामाचं नाक वर. पण बारा वाजता सहज सॉकेटला हात लावला तर चटका बसला. मागची वायर दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) होती, ओट्यावर कधीमधी ड्रिल चालवायला म्हणून ओढलेली. गीझरलाही पंधरा अँपियरचाच पॉइंट लागतो, पण तो वीस मिनिटांत बंद होतो. ही बाई रात्रभर पंधरा अँपियर ओढते. सुनीलला म्हटलं, काढ. सकाळी मी चारची वायर स्वतंत्र ओढली, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), सोबत ईएलसीबी (वीज गळली की पडणारा). मग जूनमध्ये खड्डा पूर्ण उकरून नवा पाइप, कोळसा आणि मीठ थरावर थर भरून घेतला.

म्हणून बुकिंगची रक्कम भरायच्या आधी तुझ्या त्या भाड्याच्या रो-हाउसची अर्थिंग बघ. तू नाही, चांगला वायरमन बोलाव, आणि त्याने नुसतं तोंडाने "आहे" म्हटलं तर बल्ब लावून दाखव म्हण. घरमालकाला आत्ताच विचार. पॉइंट ओढू देणार का, लोड वाढवायच्या अर्जावर सही देणार का. अर्ज त्यांच्या नावाने जाणार. खाली ते, वर तू आणि दोघांत एकच मीटर असं असेल तर नादी लागू नकोस, दर महिन्याला भांडण ठरलेलं. तुझा मीटर वेगळा करून घे. मोठा चार्जर बसवायची मात्र गरज नाही. रोजच्या ११८ किलोमीटरला १८ युनिट, साध्या पंधरा अँपियरच्या पॉइंटवर साडेपाच तास. रात्री अकराला लावली की पहाटे साडेचारला मोकळी. कंपनीत पार्किंगला एक सॉकेट मागून बघ. दिवसाचे चार तास तिथं मिळाले तर घरचं बिल खालच्या स्लॅबमध्ये उतरतं.

वाटेचं बोलू. ३० किलोवॅट-अवरच्या बॅटरीला जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तू २०० धर, मेमध्ये एसी लावून १८०. रोजच्या जाण्यायेण्याला भरपूर. समृद्धीने गेलीस तर इलेक्ट्रिकला टोल माफ आहे, पण तिथं १२० ने पळवशील आणि बॅटरी डोळ्यादेखत उतरेल. पेट्रोल गाडीचं शहरात अ‍ॅव्हरेज पडतं, हिचं उलट, ब्रेक मारला की थोडी वीज परत भरते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात खाते. ८० ने जुन्या रस्त्याने जा. पोचायला दहा-बारा मिनिटं उशीर.

आणि इकडे यायचं तर तुझ्या घरापासून आपलं दार १९५ किलोमीटर. दोनशेच्या रेंजवर एकशे पंच्याण्णव म्हणजे भाकरी मोजून पाहुणे बोलावण्यातला प्रकार. जालन्यात फास्ट चार्जरला लाव, चहा घे, ८० टक्के झाली की निघ. वरचे २० टक्के भरायला तो चार्जर रडत रडत वेळ खातो. दर घरच्यापेक्षा जास्त असेल, असू दे, वर्षातून सहा-सात वेळा. पुढे वाटूर, मंठा, जिंतूर, या पट्ट्यात मोबाइलच्या नकाशावर चार्जर दाखवला म्हणून भरवसा ठेवू नकोस. आहे पण बंद, किंवा चालू पण लाइट नाही, हे मी नोकरीत असताना लोकांना काय काय सांगितलं त्यावरून मला चांगलं कळतं. अजून एक, या गाड्यांपैकी काहींना स्टेपनीच नसते, पंक्चरचा डबा देतात. साइडवॉल फाटली तर तो डबा काय कामाचा. कोटेशनमध्ये स्टेपनी लिहून घे.

महेशराव म्हणतात प्रदूषण होत नाही. त्यांना म्हणावं, परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुराडी मी जवळून पाहिलीत, कपड्यावर राख घेऊन घरी आलोय. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तिथले संच बंद पडले तेव्हा कळलं की विजेलाही तहान लागते. तुझ्या गाडीचा धूर तुझ्या मागे दिसणार नाही, एवढंच. मी मात्र घरावर ३ किलोवॅटचं सोलर घालायचं ठरवलंय, केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे. दिवसाला बारा युनिट सहज निघतील, उन्हाची तर परभणीत ददात नाही. तू सुट्टीला आलीस की इथं फुकट भरून जा. राज्यात पेट्रोल महाग म्हटलं की पेपरात आपल्याच गावाचं नाव येतं, सगळे टँकर तिकडून मनमाडजवळच्या पानेवाडीतून येतात म्हणून. त्याचा थोडा तरी सूड निघेल.

तर माझ्या हिशोबाने घे. पण क्रम बदलू नकोस, आधी घरमालक, मग वायरमन, मग शोरूम. घरमालक नाही म्हणाला तर गाडी नको, आधी घर बदल. बाहेरच्या चार्जरवर रोज भरायची म्हटलीस तर हा सगळा हिशोब कोसळतो आणि रोजचा तास रांगेत जातो, वर दिवसभर काम करून आलेली तू.

संक्रांतीला टेस्ट ड्राइव्हची गाडी इकडे आणता येते का ते विचार. आणता आली तर ओट्यावरचा पॉइंट तयार आहे, काल परत अर्थिंग तपासलं, ठणठणीत आहे. हुरडा आलाय, बांधावर आगटी करू.

आणि आई विचारायली आहे, त्या गाडीच्या डिक्कीत पन्नास किलोचं ज्वारीचं पोतं आडवं बसतं का. शोरूममध्ये टेप घेऊन जा.

तुझे
पप्पा