खालून आवाज येतोय म्हणून लगेच डिफरन्शियल उघडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाहनांच्या पानावर नव्या गाड्यांबद्दल भरपूर येतं, मायलेज, स्क्रीन केवढी, सनरूफ आहे का, सगळं येतं. पण जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी) सांभाळणारे लोकही तुमचा पेपर वाचतात आणि आमचा प्रश्न एकच असतो, खालून आवाज येतोय, काय करू? त्यावर कुणी नीट लिहीत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापून छापलंत तरी हरकत नाही, फक्त पुढे जॅकबद्दल जे लिहिलंय ते कापू नका ही विनंती.

होतं काय, मालक गाडी घेऊन जातो आणि "आवाज येतोय" एवढंच सांगतो, मेकॅनिक गाडी उभ्या उभ्या रेस करून बघतो, खाली वाकतो आणि म्हणतो डिफरन्शियल गेलं, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा गोळा. झालं, त्यातले मुख्य दोन गिअर, क्राउन आणि पिनियन, बाहेर. माझ्या ओळखीतल्या एकाच्या गाडीचं अगदी असंच झालं, डिफरन्शियल उघडून बसवलं तरी आवाज तसाच, शेवटी निघालं मागचं व्हील बेअरिंग. आणि आता त्या गाडीत अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की एक बारीक शिट्टीसारखा आवाज येतो जो आधी नव्हताच, कारण क्राउन आणि पिनियनचे दात वर्षानुवर्षं एकमेकांवर बसलेले असतात, ते काढून परत बसवताना शिम (पातळ चकत्या), बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) आणि पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण) अगदी मापात यावा लागतो, अंदाजाने नट आवळून ते काम होत नाही. म्हणजे चांगला पार्ट उघडून बिघडवला. याचा मला मनापासून राग येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आवाज कुठून येतोय हे शोधायच्या आधी तो कधी येतो ते बघा. खाली सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं असतं, आवाज चॅसीतून फिरतो, पुढच्या चाकाच्या हबचा आवाज सीटखालून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे कानावर जागेसाठी फार भरवसा ठेवता येत नाही, पण वेळेसाठी ठेवता येतो.

सगळ्यात पहिलं, मोकळ्या सरळ रस्त्यावर एकाच स्पीडला वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवून बघा. समजा ताशी 40 ला आवाज येतो, तर 40 लाच तिसरा टाका, मग चौथा टाका. गिअरबरोबर आवाजाचा सूर बदलला तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सकडे बघायचं, आणि गिअर कुठलाही असो आवाज तोच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या नंतरचा, म्हणजे ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा), प्रोपेलर शाफ्ट (तिथून डिफरन्शियलकडे जाणारा फिरता दांडा), डिफरन्शियल, चाकं किंवा टायर. या एका टेस्टने निम्मी गाडी यादीतून बाद होते आणि त्यासाठी एक पानाही लागत नाही.

मग तिथेच क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच धावू द्या. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग त्याच्यावरच चालतं. पाय दिल्यावर घूं करणारा आणि सोडल्यावर थांबणारा आवाज, किंवा बरोबर उलटा, हा बहुतेक वेळा क्राउन पिनियनचा असतो कारण दात लोड घेतात त्या बाजूनेच बोलतात. न्यूट्रलमध्येही तसाच घरघरत राहिला आणि फक्त स्पीडबरोबर कमी-जास्त होतोय तर बेअरिंग किंवा टायर. आता बेअरिंग का टायर, तर गाडी हळूच डावीकडे घ्या, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर. आणि रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर आलात की आवाज बदलतो, तर तो टायरचा. मड टायर लावलेल्या कितीतरी गाड्यांची बेअरिंगं उगाच बदलली जातात, पुढचे टायर मागे टाकून बघितले असते तर आवाजही मागे गेला असता.

आता युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा जोड, ज्याला गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात, त्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण जुन्या फोर बाय फोरमध्ये सगळ्यात जास्त त्रास तिथूनच असतो आणि सगळ्यात कमी लक्षही तिथेच असतं. क्रॉसच्या चारही टोकांना एकेक कप असतो आणि कपात सुईसारखे बारीक रोलर. ग्रीस सुकलं की सुरुवातीला चालण्याच्या स्पीडला चीं चीं चीं असा चिमणीसारखा आवाज येतो, स्पीड वाढला की तो इतर आवाजात बुडतो, म्हणून लोक सोडून देतात. त्या वेळी खाली बघितलंत तर कपाच्या कडेला विटकरी रंगाची बारीक पूड दिसते, तो रोलरचा गंज आहे, आणि ती दिसली की ग्रीस मारून उपयोग नाही, क्रॉस बदलायचा. पुढची पायरी म्हणजे गाडी जागेवरून सुटताना किंवा पुढून रिव्हर्सला घेताना एक ठाण्. पण ठाण् आला म्हणून क्रॉसच गेला असंही नाही, शाफ्टचे स्प्लाइन (एकमेकांत सरकणारे दाते) कोरडे असतील, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असतील, पाट्यांच्या टोकाच्या शॅकलचा बुश, गिअरबॉक्सचं माउंटिंग, सगळे तसाच आवाज देतात. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिरगळा, बोट क्रॉसवर ठेवा, प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला कळतो. आणि शाफ्ट काढायचा झाला तर काढायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर खूण करा, स्प्लाइनवर एखादा दात इकडेतिकडे बसला तरी दोन्ही टोकांच्या क्रॉसची जुळणी, म्हणजे फेज, बिघडतो आणि मग नवीन क्रॉस घालून पण गाडी थरथरते.

थरथर चाकाची का शाफ्टची हे ओळखायलाही सोपा हिशोब आहे. 30 इंची टायर ताशी 20 ला सेकंदाला सव्वादोनच्या आसपास फेऱ्या मारतो, डिफरन्शियलचा रेशो 4 च्या जवळपास असेल तर शाफ्ट त्याच वेळी 9 च्या वर फिरतो. म्हणजे एकेक ठोका मोजता येईल इतका संथ आवाज असेल तर तो चाकाचा, मोजताच येत नाही इतका भराभर असेल तर शाफ्टचा.

पुढच्या बाजूसाठी, फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं अॅक्सलपासून सोडवता येणारे हब) असतील तर ते फ्री करून आणि गाडी टू व्हीलमध्ये ठेवून चालवा. आवाज गेला तर तो पुढच्या डिफरन्शियल, शाफ्ट किंवा अॅक्सलमधला. पूर्ण स्टिअरिंग फिरवून पाय दिल्यावर कट कट कट येत असेल आणि पुढे सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही ताकद देणारे जोड) असतील तर रबर बूट फाटलाय का तेवढं आधी बघा. फोर व्हील टाकून लोडवर कडकड करत काहीतरी उडी मारल्यासारखं वाटलं आणि ट्रान्सफर केस चेनवाला असेल तर चेन लांबलेली असू शकते.

एक गोष्ट मात्र बिघाड नसताना बिघाड समजली जाते. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं, वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत टायर थोडे घसरून हा फरक निघून जातो पण कोरड्या डांबरावर निघत नाही, मग सगळी लाइन पिळली जाते, गाडी अडकल्यासारखी होते, धक्के देते. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही, डांबरावर फोर व्हील काढा, लिव्हर अडकला तर सरळ थोडं रिव्हर्स घ्या. पुढचे मागचे टायर वेगळ्या साइजचे असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा हेच होतं.

आता जॅकचं. जुन्या लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. अशी गाडी टू व्हीलमध्ये असताना मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडी घरंगळू देतं, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असला तरी. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरायचं नाही, स्टँड हवेतच. तसंच एक चाक उचलून इंजिन चालू करून आवाज ऐकायचा प्रकार काही जण करतात, फोर व्हील लागलेलं असेल किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एका चाकाला एकट्याला मोकळं फिरू न देणारं) असेल तर जमिनीवरची चाकं ओढतात आणि गाडी स्टँडवरून उडी मारते. माणसं दगावतात यात.

ऑइलचं थोडक्यात, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडी मऊ पेस्ट चालते, हाताला टोचणारे कण चालत नाहीत, आणि ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक ब्रीदर (हवा जायची नळी) तुंबलेला असतो.

मेकॅनिक लोकांना हात जोडून सांगणं आहे की पाना हातात घ्यायच्या आधी मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारा. आणि मालकांनी स्पीड किती, गिअर कुठला, पाय दिलेला का सोडलेला, सरळ का वळताना, गाडी गार का गरम, एवढं कागदावर लिहून न्यावं. तुमच्या पानावर एखाद्या अनुभवी मेकॅनिककडून महिन्यातून एकदा जुन्या गाड्यांवर लिहून घेता आलं तर बघा, नव्या गाडीच्या एखाद्या फोटोची जागा गेली तरी चालेल.

आपला,
जुनी फोर बाय फोर चालवणारा एक वाचक