मुद्रांक सवलतीचा अर्धवट हिशेब

संपादक महोदय,
स. न.

मुद्रांक शुल्कात सूट मिळाली, दुय्यम निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या, की सवलतीने घरखरेदी वाढली असे लगेच जाहीर होते. पण सूट संपण्याची तारीख ठाऊक असली, तर रांगेतले बरेच जण नंतर तसेही घेणारच असतात. ते फक्त तारीख अलीकडे ओढतात.

महाराष्ट्रातले 2020 चेच पाहा. सप्टेंबर ते डिसेंबर 3 टक्के सूट, मग 31 मार्च 2021 पर्यंत 2 टक्के. 50 लाखांच्या फ्लॅटला डिसेंबर हुकला की 50 हजारांचा फटका, मार्च हुकला की आणखी लाखाचा. त्यामुळे या उसळीतून पुढच्या महिन्यांतली घट वजा केल्याशिवाय खरी वाढ कळत नाही.

मेख आहे तारखेत. डिसेंबरात शुल्क भरून सही झालेला दस्त चार महिन्यांत नोंदवता येतो. फेब्रुवारीत नोंदलेला करार डिसेंबरचा निर्णय असू शकतो. आकडे नोंदणीच्या तारखेने मांडले की उसळी पसरते आणि नंतरची घट झाकली जाते. म्हणून ते निष्पादनाच्या, म्हणजे सही झाल्याच्या, तारखेने लावावेत. भाडेकरार, बक्षीसपत्रे, गहाणखते आधी वगळावीत. मार्चची तुलना मार्चशीच करावी, कारण 1 एप्रिलला रेडी रेकनर, म्हणजे शुल्क मोजायचे सरकारी दर, वाढेल या धास्तीने तो महिना एरवीही फुगतो. त्यात नागपुरात 15 मार्च 2021 पासून टाळेबंदी, पाठोपाठ दुसरी लाट. एप्रिलची सगळी घट सवलतीच्या माथी मारणे चूक.

त्यापेक्षा मुद्रांक शुल्कासोबत घेतला जाणारा मेट्रोचा 1 टक्का अधिभार तपासावा. दोन वर्षांच्या माफीनंतर तो 1 एप्रिल 2022 ला नागपुरात परतला. अमरावतीत तो नव्हताच. आधी दोन्ही शहरांतले विक्री करार बरोबरीने वरखाली होत होते का, हे पाहावे. होत नसतील तर ही तुलना सोडून द्यावी. होत असतील तर फेब्रुवारी ते मे 2022 बाजूला ठेवून, दोन शहरांतले आधीचे आणि नंतरचे अंतर वर्षभर ताडावे. नागपूरलगतची गावे मात्र तुलनेला नकोत, तिथले गिऱ्हाईक नागपूरचेच.

महिला खरेदीदारांच्या 1 टक्का सवलतीचे गणित निराळे. तिथे करारांची संख्या कमी आणि करारावरचे नाव जास्त बदलते. तेव्हा केवळ महिलांच्या नावावरच्या करारांचा टक्का पाहावा. 2021 मध्ये सवलत आली तेव्हा ते घर 15 वर्षे पुरुषाला न विकण्याची अट होती, 2023 मध्ये ती निघाली. हा टक्का 2021 मध्ये हलला की 2023 मध्ये, एवढे नोंदणी व मुद्रांक विभागाने तालुकावार जाहीर केले तरी अट किती आड येत होती ते कळेल.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर