न विचारता बदललेली फाइल, तुटलेली शिरोरेखा आणि वरून ‘दुरुस्ती शुल्क’

सातारा
दि. १२ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लेझर कटिंग व एन्ग्रेव्हिंग सेवा

विषय: ग्राहकाच्या तयार कटिंग फाइलमध्ये परस्पर फेरफार करून खराब माल पाठवल्याबद्दल व त्यासाठीच ‘आर्टवर्क करेक्शन’चे पैसे लावल्याबद्दल.

महोदय/महोदया,

मी साताऱ्यात घरातूनच दुकानांच्या पाट्या आणि नेमप्लेट करते. मशीन माझ्याकडे नाही. डिझाइन माझं आणि कटिंग तुमचं, अशी ही घडी आजवर बरी बसली होती. या ऑर्डरमध्ये मात्र तुम्ही जे पाठवलं, ते ना माझं डिझाइन आहे ना धड कटिंग. ऑर्डर क्रमांक, माझं नाव आणि फोन सोबतच्या बिलावर आहेत.

ऑर्डर साधी होती. एका नव्या किराणा दुकानासाठी ‘शीतल किराणा भांडार’ ही अक्षरं, ३ मिमी काळ्या कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) अॅक्रिलिकमध्ये, एकूण रुंदी ९०० मिमी. दुकानाच्या वेळा कोरलेली एक पारदर्शक प्लेट, तिच्या कोपऱ्यात तराजूचं रेषाचित्र. शिवाय काउंटरवर क्यूआर कोड ठेवायला एमडीएफचा (लाकडी तंतूंच्या दाबलेल्या फळीचा) खाचांत बसणारा स्टँड.

पाटीत शब्द तीन, म्हणून तुकडेही तीनच यायला हवे होते. देवनागरीत हीच तर सोय आहे: शिरोरेखा अख्खा शब्द धरून ठेवते, आणि पाटी लावणाऱ्याला एकेक अक्षर ओळीत चिकटवत बसावं लागत नाही. पण हे आपोआप होत नाही. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो. काना आणि वेलांटी यांचंही तसंच. स्क्रीनवर किंवा फ्लेक्सवर काळ्यावर काळं चढलेलं कुणाला दिसत नाही. लेझरला मात्र भरलेला रंग कळत नाही, बाह्यरेषा तेवढी कळते. म्हणून टेक्स्ट कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांच्या रेषांत, बदलून भागत नाही, त्यानंतर सगळे आकार वेल्ड करून, म्हणजे एकमेकांत मिसळून, शब्दाची एकच सलग बाह्यरेषा करावी लागते. नाहीतर जिथे जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेत, तिथे तिथे मशीन इमानेइतबारे दोन उभे काप मारतं.

मी पाठवलेल्या फाइलमध्ये हे वेल्डिंग केलेलं होतं. ‘भांडार’मधला अनुस्वार सुटा पडू नये म्हणून त्याला शिरोरेखेशी जोडणारी ४ मिमीची दांडीही दिलेली होती. वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या रेषांत, उघडून बघा, तीन बंद आकृत्या दिसतील आणि आतल्या पोकळ्या.

आणि खोक्यातून काय निघालं? सतरा-अठरा सुटी अक्षरं, काने आणि वेलांट्या. ‘शी’ची वेलांटी वेगळी, ‘कि’ची वेगळी. शिरोरेखेच्या प्रत्येक सांध्यातून पडलेले तांदळाच्या दाण्याएवढे कपचे कुणीतरी निगुतीने वेचून एका छोट्या झिपच्या पिशवीत भरलेले, पिशवीवर मार्करने ‘एक्स्ट्रा पार्ट्स’ लिहिलेलं. अनुस्वार त्या पिशवीतही नव्हता. तो बहुधा तुमच्या मशीनच्या जाळीतून खाली गेला. त्यामुळे दुकानदाराच्या हाती पडलं ते ‘भाडार’, आणि तेही जुळवून घ्यायचं.

तुमच्या ग्राहक सेवेचं पहिलं उत्तर असं: “आपली फाइल वेल्ड केलेली नव्हती, त्यामुळे हा दोष निर्माण झाला.” हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा तुम्ही पाठवलेल्या अॅक्रिलिकमध्येच आहे. माझ्या फाइलमधला ल मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा आहे. श देठाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण धरली आहेत, आणि एरवीही मराठी पाटीवर मी तीच वापरते. तुमच्याकडून आलेला ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. माझ्या फाइलमध्ये तर टेक्स्टच नव्हतं, नुसते कर्व्ह होते. कर्व्ह आपलं वळण बदलत नाहीत. याचा अर्थ, तुमच्याकडे कुणीतरी हे तीन शब्द स्वतःच्या फाँटमध्ये नव्याने टाइप केले, कर्व्ह केले आणि वेल्ड न करताच मशीनवर सोडले. बऱ्याच फाँटमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर हिंदीच वळण येतं, ते तसंच आलं. ध चा मा म्हणतात तो हाच.

खूप मागे लागल्यावर तुम्ही मला ‘करेक्टेड फाइल’ पाठवलीत, त्याबद्दल आभारी आहे, कारण ती उघडल्यावर शंकाच उरली नाही. वायरफ्रेममध्ये शिरोरेखेवर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची रांग दिसते. तराजूचं चित्र तर बघवत नाही. मी ते एकेरी निळ्या रेषेत दिलं होतं, म्हणजे लेझरने वरवर ओरखडा काढून एकदाच जायचं. तुमच्या टीमने ते चित्र म्हणून घेतलं आणि त्यावर ऑटो-ट्रेस, म्हणजे चित्रावरून आपोआप रेषा काढणारं सॉफ्टवेअर, चालवलं. ट्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरला रेषा ही रेषा वाटत नाही, एक बारीक पट्टी वाटते, म्हणून ते तिच्या दोन्ही कडा काढतं. एका रेषेच्या दोन झाल्या, त्याही अर्धा मिलिमीटरसुद्धा अंतर न ठेवता. तराजूच्या साखळ्या जिथे आकड्याला मिळतात तिथे त्या इतक्या दाटल्या की अॅक्रिलिक वितळून तिथे फोड आला आहे. पारड्यांच्या गोलाईवर नोडचा, म्हणजे रेषेला वळण देणाऱ्या बिंदूंचा, नुसता सडा पडलाय. मूळ चित्रात एका पारड्याला चार नोड होते.

मग दुसरं उत्तर आलं: “फाइल चुकीच्या मापात होती, त्यामुळे आर्टवर्क पुन्हा तयार करावं लागलं.” याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे कारण तुम्ही इतरांनाही देत असाल. तुमच्या वेबसाइटवर दर काढायला एसव्हीजीच (रेषांच्या चित्राची फाइल) चढवावी लागते. एसव्हीजीत माप पिक्सेलमध्ये असेल तर एका इंचाला किती पिक्सेल धरायचे यावर एकमत नाही. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरपैकी इलस्ट्रेटर ७२ धरतो. इंकस्केप २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतो, त्याआधी ९० धरायचा. माझी फाइल इलस्ट्रेटरची, तुमची सिस्टीम ९६ वाली. म्हणून तुमच्या प्रिव्ह्यूत ९०० ची पाटी ६७५ दिसत होती, बरोबर पाऊणपट. या धंद्यात ‘पाऊणपट’ दिसलं की ७२-९६ चा घोळ हे कुणीही ओळखतो, आणि उपायही एकच: सगळं निवडून १३३.३३ टक्के करायचं.

मुळात ही वेळ यायलाच नको होती. मापाची शंका राहू नये म्हणून मी त्याच ऑर्डरला मिलिमीटरमधली डीएक्सएफ (रेखाटनाचीच दुसऱ्या प्रकारची फाइल) आणि मापं लिहिलेली पीडीएफ जोडली होती. तिन्ही फाइलींत वेगळ्या लेयरवर १०० मिमीची एक रेघ होती, शेजारी ‘ही रेघ मोजा, कापू नका’ असं लिहून. प्रिव्ह्यूतला आकडा दिसताच ऑर्डर देण्याआधी मी चॅटवर विचारलंही होतं. उत्तर मिळालं, “प्रिव्ह्यूमध्ये तसं दिसतं, कटिंग बरोबर येईल.” स्क्रीनशॉट सोबत आहे. माप खरंच अडत होतं तर तेव्हाच सांगायचं, किंवा नंतर एक फोन करायचा. फाइल मोठी करायला अक्षरं नव्याने टाइप का करावी लागतात, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

स्टँडची गोष्ट त्याहून लहान, पण तऱ्हा तीच. ३ मिमी म्हणून विकला जाणारा एमडीएफ प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून पातळ असतो. तुमच्याकडच्या आधीच्या मालाची जाडी मी कॅलिपरने मोजली होती, ती २.८ भरली. लेझर स्वतःच्या वाटेत साधारण ०.२ मिमी माल जाळतो. तुमच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिलंय की फाइल जशीच्या तशी कापली जाते आणि हा कर्फ ग्राहकाने धरायचा. मी धरला, खाचा २.६ काढल्या, म्हणजे कापल्यावर २.८ व्हाव्यात. तुमच्या ‘करेक्टेड’ फाइलमध्ये त्याच खाचा २.४ झालेल्या आहेत. कुणीतरी कर्फ पुन्हा एकदा धरला. आता २.८ चा पाय २.६ च्या खाचेत जात नाही. दुकानदाराने जोर लावून बसवायला घेतला तर खाचेच्या कोपऱ्यातून एमडीएफचे पदर सुटले. त्याचा काय दोष?

प्लेटवरचं कोरीव कामही पुसट आहे. कास्ट अॅक्रिलिकवर एन्ग्रेव्हिंग पांढरं, दुधी उठतं. एक्स्ट्रूडेडवर, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या शीटवर, ते असंच काचेसारखं राहतं. हा आरोप नाही, शंका आहे, पण या ऑर्डरसाठी वापरलेल्या शीटचा प्रकार लेखी कळवावा. पॅकिंग उत्तम होतं आणि अॅक्रिलिकच्या कडा अगदी आरशासारख्या आल्यात, हेही नमूद करते. तुमचं मशीन आणि त्यावर उभा राहणारा माणूस यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फाइल मशीनपर्यंत पोचण्याआधी जिच्या हातून जाते, त्या ‘आर्टवर्क टीम’बद्दल आहे.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बिलातली शेवटची ओळ: ‘आर्टवर्क करेक्शन चार्जेस’, जीएसटीसकट ५३१ रुपये. बरोबर होतं ते बिघडवायचं आणि त्याची मजुरीही माझ्याकडूनच घ्यायची! बाहेरून पाटी लिहून घेतली असती तर पेंटरनेसुद्धा ‘ताई, अनुस्वार राहिला’ म्हणत पुन्हा ब्रश घेतला असता.

दुकानाचा मुहूर्त अक्षय तृतीयेचा होता. तो दुकानदाराने फ्लेक्स टांगून साजरा केला. पाटी मराठीत असणं २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही सक्तीचं आहे, त्यामुळे मराठी अक्षरं कापून घेणारे ग्राहक तुमच्याकडे माझ्यासारखे अनेक असणार. त्यांच्याही शिरोरेखा अशाच तुटत असतील तर ती एका ऑर्डरपुरती चूक नाही.

माझं म्हणणं असं. तीनही वस्तू माझ्या मूळ डीएक्सएफवरून, एकही नोड न हलवता, तुमच्या खर्चाने पुन्हा कापून पाठवाव्यात, आणि प्लेट कास्ट शीटवरच करावी. ५३१ रुपये परत करावेत. यापुढे ग्राहकाच्या फाइलला हात लावायचा झाला तर बदललेली फाइल आधी त्याला पाठवून लेखी होकार घ्यावा. चित्र नको, कारण भरलेल्या चित्रात वेल्ड नसलेली अक्षरंसुद्धा छान दिसतात. बाह्यरेषाच पाठवा. देवनागरी वाचता येणारा एक माणूस त्या टीमवर ठेवलात तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. तोपर्यंत निदान इतकी अट घाला, की देवनागरी मजकूर तुमच्याकडे पुन्हा टाइप होणार नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन. ‘ऑर्डर व्यावसायिक आहे’ हे उत्तर कृपया देऊ नये. मी एकटी, पोटापाण्यासाठी हे काम करते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेतलेल्या वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरलेल्या नाहीत.

खराब माल, कपच्यांच्या पिशवीसह, मी जपून ठेवला आहे. परत हवा असेल तर कुरिअर तुमच्याकडून पाठवा.

आपली,
(बिलावरील नावाप्रमाणे)

सोबत: बिलाची प्रत, मूळ तीन फाइली, तुम्ही पाठवलेली ‘करेक्टेड’ फाइल, चॅटचा स्क्रीनशॉट, आलेल्या मालाचे आणि खाचेवर लावलेल्या कॅलिपरचे फोटो.