पद्मिनीचं नाक खाली आलं

नौपाडा, ठाणे
१९ जुलै

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलून झाल्या. काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गाडी गॅरेजबाहेर काढली. तुझी आई गॅलरीतून बघत होती. तिला स्प्रिंगमधलं काही कळत नाही, पण ती वरूनच म्हणाली, "आता अप्पांच्या वेळची दिसतेय."

तू रागावली असशील. दिवाळीत आपण दोघांनी मिळून डिझेल इंजिन उतरवलं, हलकं पेट्रोलचं बसवलं, तेव्हापासून गाडीचं नाक वर राहिलं होतं, आणि ते खाली आणायचं स्प्रिंगांचं काम मात्र मी गणपतीची वाट न बघता उरकलं. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, स्प्रिंगेचा दीड वेढा कापू, ग्राइंडर मी आणते. चाक धरणारा खालचा आर्म जॅकवर हळूच खाली सोडला की स्प्रिंग निघेल." मी "नको" म्हणालो आणि फोन ठेवला. तसा ठेवायला नको होता. कारण तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी कापण्याचं. तू मेकॅनिकल शिकलीस, हा हिशोब तुला माझ्याहून लवकर येईल, पण राग बाजूला ठेवून एकदा करून बघ. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो आणि त्याला चालत्या वेढ्यांच्या संख्येने भागायचं असतं. म्हणजे वेढे कमी केले की स्प्रिंग बुटकी होते आणि कडकही होते. सातातले दीड वेढे गेले तर ती सव्वापटीहून जास्त कडक. आपल्या गाडीचं दुखणं उंचीचं दिसत होतं, पण मुळात ते कडकपणाचं होतं. जड डिझेलसाठी घातलेल्या स्प्रिंगा हलक्या पेट्रोल इंजिनाखाली राहिल्या होत्या. त्या कापल्या असत्या तर नाक खाली आलं असतं आणि घोडबंदर रोडच्या प्रत्येक खड्ड्यात तुझ्या आईची कंबर बोलली असती. शिवाय गॅसने कापली तर तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून आणलेला टणकपणा, उतरतो. ग्राइंडरने कापली तरी टोकाचा जो वेढा बशीत सपाट बसायला हवा तो राहत नाही, स्प्रिंग तिरकी उभी राहते.

डिझेलच्या स्प्रिंगेची तार व्हर्निअरने मोजली, १४ मिमी भरली. पेट्रोलसाठी मी १३ मिमी धरली. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चौथा घात घेतला की ३४ टक्के येतो. जुनी एक मिलिमीटर दबायला साधारण ५.६ किलो मागायची, नवी ४.१५ किलो मागते.

आता तुला आवडेल ते सांगतो. दोन इंजिनांच्या वजनात ५० किलोचा फरक होता, भंगारवाल्याच्या काट्यावर तूच मोजलास. एका चाकामागे २५ किलो. चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ६ मिमी हलते, म्हणून स्प्रिंगवरून उतरलेला भार ४२ किलो. त्याला ५.६ ने भाग आणि पुन्हा चाकाच्या हिशोबात आण, तर गाडी साडेबारा मिलिमीटर वर यायला हवी. माझ्या वहीत १९८९ ची नोंद आहे: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत ३८२ मिमी. दिवाळीनंतर मोजलं तेव्हा ४१० भरलं. म्हणजे २८ मिमी जास्त. साडेबाराचा हिशोब लागला, वरचे साडेपंधरा कुठून आले? चार रात्री मी त्यात घालवल्या. वाटलं माझं मोजमाप चुकलं, सांध्यांतले रबरी बुश झिजले असतील, वहीतली नोंदच चुकीची असेल. शेवटी डावी स्प्रिंग बाहेर आली तेव्हा वरच्या रबराच्या मागून एक लोखंडी कडी निघाली, गंजून रबराला चिकटलेली. १९९७ साली डिझेल बसवणाऱ्या मेकॅनिकने कोणाला न सांगता पॅकिंग घातलं होतं. जाडी १० मिमी. दहाला ०.६ ने भागलं की साडेसोळाच्या थोडं वर. साधारण एका मिलिमीटरच्या फरकाने हिशोब जुळला, मनू! मी ती कडी हातात धरून ओट्यावर तसाच बसून राहिलो. तुझ्यासाठी ठेवली आहे, फेकलेली नाही.

नव्या स्प्रिंगा मिळवायला महिना गेला. आधी कुर्ल्याला गेलो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, आणि एके काळी जिथे गाडीचा दरवाजा मागितला तरी मिळायचा तिथे आता दुकानदार आधी नकारार्थी मान हलवतात. एक जुनी जोडी मिळाली, पण दोन स्प्रिंगांच्या उंचीत ७ मिमीचा फरक. एक बसलेली, म्हणजे दबून कायमची बुटकी झालेली होती. अशी जोडी घातली तर गाडी एका खांद्याने वाकून चालते. मग वागळे इस्टेटमध्ये, माझ्या जुन्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत, स्प्रिंग वळणारा एक लहान वर्कशॉप आहे, तिथे गेलो. त्यांना नमुना द्यायचा नाही हे मी ठरवलं होतं, कारण नमुनाच चुकीचा होता. भार किती आणि त्या भाराला उंची किती हवी, एवढंच लिहून दिलं. लाल सळई रुळावर वळून तेलात सोडली, ते मी उभा राहून पाहिलं. नंतर भट्टीत पुन्हा तापवून पाणी दिलं. गार झाल्यावर प्रेसखाली तीन वेळा वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबली. पहिल्या दाबात २ मिमी उंची गेली, पुढच्या दोन्ही वेळा जराही गेली नाही. ही पायरी जो गाळतो त्याची स्प्रिंग पुढे गाडीत बसते. दोन्हींच्या उंचीत १ मिमीपेक्षा कमी फरक आला. मला फार बरं वाटलं.

आता जॅकचं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं का, असं तू लहानपणी नेहमी विचारायचीस आणि दारात चिमटलं असं मी सांगायचो. ते दारात चिमटलेलं नाही. १९९७ साली ह्याच गाडीच्या, ह्याच बाजूच्या स्प्रिंगेने ते घेतलं. मेकॅनिक चहाला गेला होता. मला घाई होती. साखळी न बांधता, स्प्रिंग दाबून धरणारे शिकंजे न लावता, जॅकवर लोअर आर्म "हळूच" खाली सोडत होतो. जॅक अर्ध्या बोटाने सरकला. स्प्रिंग बशीतून निघाली, अंगठ्यावरून गेली आणि शटरवर आदळली. गॅरेजच्या शटरला उजवीकडे खाली वाटीएवढा खळगा आहे ना, ज्यात तू पावसाळ्यात बोट घालायचीस, तो तिचाच. माझं डोकं त्या वाटेत नव्हतं, एवढंच. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस आणि अप्पांच्या कडेवर बसून गॅरेजच्या दारात उभी होतीस.

गाडी जमिनीवर असताना त्या एका स्प्रिंगवर सव्वातीनशे किलोच्या आसपास दाब असतो. ती सहा सेंटिमीटर दबलेली असते. सगळी एकदम सुटली तर दहा किलोचा दगड कमरेएवढ्या उंचीवरून पडावा तेवढा मार. तो दगड कुठल्या दिशेला पडेल हे मात्र कोणी सांगू शकत नाही. फोनवर तू "जॅकवर हळूच" म्हणालीस तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. म्हणून फोन ठेवला, आणि म्हणूनच तू यायच्या आत काम उरकलं. तुझ्या हातावर विश्वास नाही असं अजिबात नाही. इंजिनाचे माउंटिंग तू बसवलेस तसे मला बसवता आले नसते.

ह्या वेळी सगळं रीतसर केलं. गाडी दोन्ही बाजूंनी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), मागच्या चाकांना अडण्या, शॉकॲबसॉर्बर बाहेर, स्प्रिंगेतून साखळी ओवून बॉडीला बांधलेली, दोन शिकंजे समोरासमोर आणि आळीपाळीने अर्धा अर्धा आटा. कारखान्यातला माझा जुना जोडीदार दुसऱ्या बाजूला होता. शिकंज्याच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, कारण तारेवर ओरखडा पडला की तडा पुढे तिथूनच सुरू होतो. आर्मचे बोल्ट गाडी वर असताना हातानेच लावले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर घट्ट केले. चाक लटकत असताना आवळले असते तर रबरी बुश कायम पिळलेले राहिले असते.

उंची आता दोन्हीकडे ३८५ आहे. थोडी बसेल. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत जाऊन आलो, स्टिअरिंग हातात वजनदार लागतं आणि खड्ड्यातून नाक एकदाच वर येऊन थांबतं. हेडलाइट समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जात होते ते रस्त्यावर आले. अलाइनमेंट सोमवारी करतो. आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन बदलायला आरटीओत अर्ज दिलेला आहेच, त्यासाठी तुझी सही लागणार नाही.

येताना तुझा टॉर्क रेंच घेऊन ये. ५०० किलोमीटर झाले की आर्मचे बोल्ट पुन्हा तपासायचे आहेत, आणि ते मी माझ्या हाताच्या अंदाजावर सोडणार नाही. मीटरवर आज ६१ झाले आहेत. बाकीचे चिपळूणच्या वाटेवर तू चालव.

तुझा,
बाबा