‘शिकाऊ’ डॉक्टर आणि मेंदूची शस्त्रक्रिया

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘डोक्याचे ऑपरेशन शिकाऊ डॉक्टरने केले’ ही तक्रार गोव्यात बसथांब्यापासून ग्रामसभेपर्यंत ऐकू येते. तिच्यामागची भीती खरी आहे, ती उडवून लावू नये. पण ‘शिकाऊ’ म्हटल्यावर जो कोवळा मुलगा डोळ्यांसमोर येतो, तो मेंदूच्या शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत, नसतो.

न्यूरोसर्जरी, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेची शस्त्रक्रिया, शिकायला येणाऱ्याने एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि जनरल सर्जरीच्या एमएसची तीन वर्षे पुरी केलेली असतात. फुटलेले आतडे, अडकलेला हर्निया अशा शस्त्रक्रिया त्याने रात्री-अपरात्री केलेल्या असतात. मग नीट एसएस ही देशपातळीवरची परीक्षा आणि त्यानंतर एमसीएच या अतिविशेष पदवीची तीन वर्षे. दिल्लीच्या एम्ससारख्या काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी बारावीनंतर साडेअकरा वर्षे जातात, तीही मध्ये एकही वर्ष वाया न गेल्यास.

पहिल्या वर्षाचा मोठा भाग ओटीत जात नाही, कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जातो, आणि ते योग्यच आहे. शुद्धीचे मोजमाप आकड्यांत करायला तिथे शिकवतात: डोळे उघडण्याचे ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे १५, सर्वांत कमी ३. आठ किंवा त्याखाली आला की श्वासनलिकेत नळी. केसपेपरवर नुसते ‘बेशुद्ध’ लिहिणे ही या टप्प्यावरची मोठी चूक, कारण तासाभराने गुण दोनने घसरले तर ते कुणाला कळणारच नाही. दुसरी चूक त्याहून घातक. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून रुग्णाला ‘झोपू दे’ म्हणणे. दारू आणि कवटीतला रक्तस्राव एकाच माणसात असू शकतात.

कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकले की ती फाटू शकते आणि हाड व मेंदूचे आवरण, म्हणजे ड्युरा, यांच्यामध्ये रक्त साचू लागते. रुग्ण कधी कधी आधी शुद्धीवर येतो, बोलतो, पाणी मागतो आणि तासा-दोन तासांत पुन्हा ग्लानीत जातो. साचलेल्या रक्ताची गाठ ३० मिलिलिटरच्या पुढे गेली की शुद्ध असो वा नसो, ती काढावीच लागते. त्वचा उलटायची, ड्रिलने भोक पाडायचे, हाडाचा तुकडा उचलायचा, गाठ ओढून घ्यायची, धमनी बंद करायची. मग हाडाच्या कडेने ड्युराला टाके घालून तो वर बांधायचा आणि हाड परत बसवायचे. कडेचे हे टाके राहिले तर त्याच जागी पुन्हा रक्त साचते. हे ऑपरेशन दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरला, यायलाच हवे. वरिष्ठ घरून निघून पोचेपर्यंत रुग्णाच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होत चालली असेल, तर रेसिडेंटने थांबणे हाच अपराध ठरेल. रात्री दोन वाजता ‘शिकाऊ’ हात तयार असतो म्हणून गोव्यातले कितीतरी दुचाकीस्वार आज चालते-फिरते आहेत.

याउलट दिसायला सोपे, पण वरिष्ठाशिवाय करू नये असेही एक ऑपरेशन आहे. सुजलेल्या मेंदूला जागा करून देण्यासाठी कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. तो किमान १२ सेंटिमीटर रुंद हवा. नवखा सर्जन भीतीपोटी खिडकी लहान ठेवतो. मग सुजलेला मेंदू त्या खिडकीतून बाहेर येतो, हाडाच्या कडेवर त्याच्या शिरा दाबल्या जातात आणि सूज उतरायच्या ऐवजी वाढते. अर्धवट केलेले हे ऑपरेशन न केल्यापेक्षा वाईट.

चाकू लागण्याआधीच्या गोष्टींकडे तर बाहेरच्यांचे लक्षच जात नाही. डोके तीन खिळ्यांच्या चिमट्यात घट्ट धरतात. मान गरजेपेक्षा जास्त वळवली तर गळ्यातली शीर दाबते, मेंदूतले रक्त खाली उतरत नाही, आणि ड्युरा उघडताच मेंदू फुगून वर येतो. दोष ट्यूमरला दिला जातो, कारण असते मान. कवटीला भोक पाडणारे ड्रिल आतला थर पार होताच आपोआप थांबते, पण ते तिरके धरले किंवा म्हाताऱ्या माणसाचे हाड पातळ असले तर आत घुसू शकते. ही जाण पुस्तकातून येत नाही. अंड्याचे कवच ड्रिलने खरवडायचे आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही, कोंबडीच्या पंखातली मिलिमीटरभर जाडीची धमनी कापून केसाहून बारीक धाग्याने मायक्रोस्कोपखाली जोडायची, हा सराव जगभर करून घेतात. त्यासाठी एक खोली, एक जुना मायक्रोस्कोप, एक ड्रिल आणि आठवड्यातली एक राखून ठेवलेली दुपार पुरते. शिक्षण रुग्णालयासाठी नवीन यंत्राची घोषणा होते तेव्हा या खोलीचा विषय कुणीतरी काढावा.

आता विशेष शाखांविषयी. न्यूरोलॉजिस्ट औषधाने उपचार करतो, न्यूरोसर्जन शस्त्रक्रियेने. फिट, अर्धशिशी, कंपवात यांसाठी आधी पहिल्याकडे जावे. न्यूरोसर्जरीतही पुढे फांद्या आहेत. नाकातून दुर्बिणीने पिट्यूटरी ग्रंथीची गाठ काढणारा सर्जन कान-नाक-घसा तज्ज्ञाबरोबर काम करतो. त्याच्या रुग्णाला घरी गेल्यावर वाकताना नाकातून पातळ, खारट पाणी आले, तर ती सर्दी नव्हे, लगेच परत यायचे. मुलांचा न्यूरोसर्जन मेंदूत साचणारे पाणी पोटात सोडणारी नळी बसवतो. ही नळी, म्हणजे शंट, काही वर्षांनंतरही तुंबू शकते. शंट असलेले मूल उलट्या करू लागले आणि पेंगू लागले तर पोट बिघडले समजून दोन दिवस काढू नयेत.

फुगलेली धमनी फुटते तेव्हा क्षणार्धात आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी होते. कवटी उघडून क्लिप लावणे किंवा जांघेतून अथवा मनगटातून नळी नेऊन आत बारीक तारेची कॉइल भरणे, असे दोन उपाय आहेत. दोन्ही जाणणाऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, नाहीतर ज्याला जे येते तेच सुचवले जाते. पाचव्या दिवशी रुग्ण गप्पा मारू लागला की नातेवाईक डिस्चार्ज मागतात. चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आकसण्याचा धोका असतो आणि निमोडिपिनचे औषध २१ दिवस चालते. तेवढा धीर धरावाच.

गोव्याने ज्या शाखेची खास आठवण ठेवावी ती हाताच्या मज्जातंतूंची. दुचाकीवरून खांद्यावर आपटल्यावर मानेतून हाताकडे जाणारा तंतूंचा जुडगा ताणला जातो किंवा तुटतो. जखमा भरतात, हात मात्र लुळा लटकत राहतो. घरचे मालिश करत वर्ष घालवतात. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत पोचायलाच त्याला महिने लागतात, आणि वर्ष-दीड वर्षात स्नायू कायमचा सुकतो. म्हणून तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर या सर्जनकडे पोचायचे, सहा महिने उलटू द्यायचे नाहीत. मणक्याच्या दुखापतीचेही एक सांगतो: माडावरून पडलेल्या पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, उचलताना डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर सरकवायचे. काखेत धरून उभे केले की हललेला मणका मज्जारज्जूत घुसू शकतो, आणि मग कोणताही सर्जन पाय परत देऊ शकत नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. सिंधुदुर्ग आणि कारवारचे रुग्ण धरले तरी दुर्मीळ आजारांचे आकडे लहानच राहणार. एका विभागातले सगळेच सर्जन थोडी थोडी सगळी कामे करू लागले तर कठीण कामात कुणाचाच हात बसणार नाही. अपघात सर्वांनी पाहावेत, पण धमनीची, नाकातली, मुलांची शस्त्रक्रिया ठराविक एकेकाकडे असावी. आणि शिकणाऱ्याला काही महिने मोठ्या केंद्रात पाठवण्याची सोय अभ्यासक्रमात असावी. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेल्या या भूमीत हे अशक्य वाटू नये.

प्रत्येक रेसिडेंटच्या लॉगबुकात चार रकाने हवेत: पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, स्वतंत्र केले. वरिष्ठाच्या सहीशिवाय चौथा रकाना भरता येऊ नये. नातेवाइकांनीही ‘तुम्ही शिकाऊ का?’ असे न विचारता ‘वरिष्ठ कोण, त्यांनी स्कॅन पाहिला का, किती वाजता?’ असे विचारावे. याचे उत्तर मिळण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याहून रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर अपघाताची वेळ, निघतानाचे शुद्धीचे गुण, दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि रक्तदाब लिहावा. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर आधी तो सावरावा. मेंदूची सूज उतरवणारे मॅनिटॉल तेव्हा देऊ नये, कारण लघवी वाढून रक्तदाब आणखी पडतो. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइडही देऊ नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजार रुग्णांच्या ‘क्रॅश’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत त्याने मृत्यू वाढल्याचे दिसले. वृद्ध रुग्ण रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, तर गोळीचे पाकीट चिठ्ठीबरोबर पाठवावे. नाव आठवत बसण्यात ओटीचा वेळ जातो.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, फोंडा