रेड्डींची दुसरी उमेदवारी

महाड

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. राष्ट्रपतिपदाची निवडणूक एकदा हरलेल्या व्यक्तीने त्याच पदासाठी पुन्हा उभे राहू नये, कारण त्यामुळे पदाचीही शोभा जाते आणि उमेदवाराचीही, अशी बाजू तू महाविद्यालयातील वादस्पर्धेत मांडणार आहेस आणि त्यावर माझे मत मागितले आहेस. माझे मत तुझ्याविरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकतो. निक्सन, स्टीव्हन्सन अशी अमेरिकेतील उदाहरणे तू बरीच जमवलेली दिसतात. ती वाचायला बरी असली तरी तेथील उमेदवाराला पक्षातल्या निवडणुकांपासून स्वतःची वाट स्वतःच काढत जावे लागते, आणि आपल्याकडे राष्ट्रपतिपदासाठी कोणी सभा गाजवत गावोगाव हिंडत नाही. तेव्हा तेथील न्याय येथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याच देशात एक उदाहरण असे आहे की ज्याचा निकाल लावल्याशिवाय तुझी बाजू उभी राहू शकणार नाही, आणि ते तुझ्या टिपणात कोठेच नाही. ते म्हणजे नीलम संजीव रेड्डी यांचे. ते १९६९ मध्ये हरले आणि १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

१९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली, तेव्हा इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचे नाव पुढे केले. परंतु मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण या चौघांनी लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष रेड्डी यांच्या बाजूने कौल दिला. चौघांपैकी दोघे महाराष्ट्रातले होते, हे तुझ्या स्पर्धेत कामाला येणार नाही, पण लक्षात ठेव. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांची सही झाली, आणि त्याच पंतप्रधानांनी पुढे काही आठवड्यांत आपल्या पक्षाच्या खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजाला स्मरून मत देण्यास सांगितले. त्याचा अर्थ काय हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. समोर उपराष्ट्रपतिपद सोडून अपक्ष उभे राहिलेले वराहगिरी व्यंकटगिरी होते, आणि तिसरे प्रमुख उमेदवार होते आपल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, ज्यांना स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा पाठिंबा होता.

मतमोजणीचे आकडे मी मुद्दाम लिहून देतो, कारण पराभव म्हणजे नेमके काय झाले हे त्यांतूनच कळते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य, म्हणजे खासदार-आमदारांच्या मतांना ठरवून दिलेल्या वजनाची बेरीज, मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते आणि ते कोणाकडेच नव्हते. त्यामुळे राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात त्या एकाच वेळी दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींना होती. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी त्यासाठीच विरोधी पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली होती, आणि तीच बोलणी पुढे त्यांच्यावर उलटली. अखेरच्या फेरीत गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. त्या वर्षी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. कागद-पेन्सिल घेऊन बसलीस तर तुझ्या ध्यानात येईल की गिरींकडे गेलेल्या खासदारांपैकी केवळ तेरा जण रेड्डींकडे वळले असते, तरी निकाल उलटा लागला असता.

आता मला सांग, या निवडणुकीत नाकारले गेले ते काय? रेड्डींची योग्यता, त्यांची वागणूक, लोकसभेच्या अध्यक्षपदावरील त्यांचे काम, यांपैकी कशावरही त्या मतदारांनी निर्णय दिला नव्हता. पक्ष कोणाच्या ताब्यात राहणार, पंतप्रधानांच्या की संघटनेतील ज्येष्ठांच्या, एवढाच प्रश्न खासदार-आमदारांपुढे होता आणि रेड्डी त्या भांडणात पुढे केलेले नाव होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. ज्या पराभवात माणसाची परीक्षाच झालेली नाही, तो आयुष्यभर त्याच्या नावापुढे का लावावा, हे तुला श्रोत्यांना पटवून द्यावे लागेल.

खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. रेड्डी संघटना काँग्रेसच्या, म्हणजे फुटीनंतर ज्येष्ठांच्या बाजूला राहिलेल्या गटाच्या, वतीने अनंतपूर मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले आणि लोकांनी त्यांना पाडले. या वेळी मत देणारे सामान्य नागरिक होते आणि सबब सांगण्याजोगी कोणाची फितुरीही नव्हती. त्यानंतर ते अनंतपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेले आणि शेती पाहू लागले. आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, अखिल भारतीय काँग्रेसचे माजी अध्यक्ष आणि लोकसभेचे माजी अध्यक्ष असलेला हा माणूस चार वर्षे सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीसा झाला. १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर हैदराबादच्या सभेत ते पुन्हा दिसले, आणि १९७७ च्या निवडणुकीत नंद्यालमधून जनता पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. आंध्र प्रदेशातील ४२ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या होत्या. उरलेली एक नंद्यालची. उत्तरेत जनता पक्षाची लाट होती, तिच्यावर बसून आंध्रातून कोणालाही निवडून येता आले नसते, आणि म्हणूनच या एका जागेला मी राष्ट्रपतिपदाच्या बिनविरोध निवडीपेक्षाही अधिक महत्त्व देतो. ज्या लोकांनी सहा वर्षांपूर्वी त्यांना घरी बसवले होते त्यांच्या शेजारच्याच लोकांनी वारा विरुद्ध असताना त्यांना परत पाठवले.

त्यानंतरचे सारे झपाट्याने घडले. मार्चमध्ये ते एकमताने लोकसभेचे अध्यक्ष झाले, आणि तेव्हा विरोधी पक्षनेत्याच्या आसनावर यशवंतराव चव्हाण होते. फेब्रुवारीत फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाल्याने राष्ट्रपतिपद रिकामे होते. येथे एक गोष्ट ध्यानात घे. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी प्रथम नाव सुचवले ते नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे, आणि त्यांनी नकार दिला. म्हणजे १९६९ मध्ये तुमच्यावर अन्याय झाला, तेव्हा ही घ्या भरपाई, अशा भावनेने रेड्डींना कोणी बोलावले नव्हते. काँग्रेसने उमेदवार दिला नाही. एकूण ३७ जणांनी अर्ज भरले, त्यांपैकी ३६ छाननीत बाद झाले आणि २५ जुलै १९७७ रोजी रेड्डींनी शपथ घेतली. ज्या पदासाठी आठ वर्षांपूर्वी पक्ष दुभंगला होता, त्याच पदासाठी त्याच माणसाविरुद्ध या वेळी एकही पक्ष उभा राहिला नाही. यात पदाची शोभा गेली असे म्हणणे मला तरी जमत नाही.

तू म्हणशील की मग त्याच निवडणुकीतल्या चिंतामणरावांचे काय? ते पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि त्यांचेही योग्यच होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, एवढी पदे भूषवलेल्या माणसाला राष्ट्रपतिपदाने आणखी काही मिळणार नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या चिंतामणरावांना पद सोडणे धरण्यापेक्षा सोपे जात असावे, असे आमच्या भागातले जुने लोक म्हणत असत, आणि त्यात थोडा गावाचा अभिमानही असे. १९६९ मध्ये मिळालेली मते विरोधी पक्षांनी निषेध म्हणून दिलेली होती. तो निषेध नोंदवून झाला आणि त्या उमेदवारीचे काम संपले. कोका सुब्बाराव, त्रिदिब चौधरी, न्यायमूर्ती खन्ना, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर हे असेच विरोधकांच्या आग्रहाने एकदा उभे राहिले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. तुझ्या बाजूने बोलणाऱ्याला ही नावे सोयीची वाटतील, परंतु ती तुझा मुद्दा सिद्ध करत नाहीत. त्यांची उमेदवारी हरण्यासाठीच होती, आणि हरण्यासाठी दुसऱ्यांदा उभे राहण्यात काही अर्थ नसतो.

तसे केवळ हौसेखातर पुन्हा पुन्हा उभे राहणारेही होते. चौधरी हरी राम या गृहस्थांनी १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुका लढवल्या. तेव्हा एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की काम भागत असे. १९७४ च्या दुरुस्तीने दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपयांची अनामत आवश्यक केली, आणि १९९७ मध्ये हे प्रमाण प्रत्येकी ५० आणि अनामत १५,००० रुपये झाली. म्हणजे आज एखाद्या पराभूत उमेदवाराच्या मनात पुन्हा उभे राहायचे आले, तरी शंभर मतदार प्रतिनिधींनी आधी लेखी सही केल्याशिवाय त्याचा अर्जही टिकत नाही. पदाच्या प्रतिष्ठेची जी काळजी तू उमेदवाराच्या संकोचावर सोपवू पाहतेस, ती कायद्याने केव्हाच आपल्याकडे घेतली आहे.

स्वतःहून नाही म्हणणारे अलीकडेही दिसतात. २०२२ मध्ये विरोधी पक्षांनी प्रथम शरद पवारांना विचारले, मग फारुख अब्दुल्ला यांना, आणि नंतर २०१७ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक हरलेले गोपाळकृष्ण गांधी यांना. तिघांनीही नकार दिला आणि अखेर यशवंत सिन्हा उभे राहिले. गोपाळकृष्णांचा नकार मला समजतो. संख्या विरोधकांच्या बाजूने नव्हतीच आणि निकालही ठरलेला. २०१७ पासून काहीच बदलले नसताना पुन्हा उभे राहून ते वेगळे काय सांगणार होते? रेड्डींच्या बाबतीत मात्र १९६९ आणि १९७७ यांच्या दरम्यान पक्ष, लोकसभा, विधानसभा आणि खुद्द उमेदवारही बदललेला होता.

एवढे लिहून तुला निःशस्त्र करून पाठवणे मला बरे वाटत नाही, म्हणून तुझ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मीच देतो. तो शोभेचा नाही. तो १९७९ चा आहे. जुलैमध्ये मोरारजींनी राजीनामा दिल्यावर रेड्डींनी प्रथम यशवंतरावांना सरकार बनवता येते का ते पाहण्यास सांगितले, ते न जमल्यावर चरणसिंग यांना पाचारण केले, आणि चरणसिंग यांनी २० ऑगस्टला लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला. त्या वेळी जनता पक्षाचे नेते जगजीवन राम सरकार बनवण्याचा दावा घेऊन उभे होते. रेड्डींनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. बंगळूरच्या बैठकीत रेड्डींसमोर जे नाव होते तेच हे नाव, हे त्या वेळच्या कोणाच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही. मला स्वतःला त्या निर्णयामागे जुना सूड होता असे वाटत नाही. जगजीवन राम यांच्याकडे बहुमत आहे की नाही याबद्दल खरोखरच शंका घेण्यास जागा होती, आणि फुटत चाललेल्या पक्षाचे आकडे रोज बदलत होते. तरीही त्यांना सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची एक संधी द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६९ शी काहीही संबंध नसलेल्या राष्ट्रपतीने हाच निर्णय घेतला असता, तर लोकांनी त्याला चुकीचा म्हटले असते. रेड्डींनी घेतला म्हणून त्याच्यामागचा हेतूही तपासला गेला. पराभूत उमेदवार पुन्हा निवडून आला की त्याच्या प्रत्येक निर्णयाखाली जुना हिशेब शोधला जातो, आणि राष्ट्रपतीजवळ तर निःपक्षपातीपणावरील विश्वासाखेरीज दुसरे फारसे काही नसते, असे तू म्हणालीस तर मला उत्तर देणे जड जाईल. मग मी एवढेच म्हणू शकेन की हा दोष पहिल्यांदाच निवडून आलेल्या, पण सक्रिय राजकारणात उभे आयुष्य घालवलेल्या कोणत्याही राष्ट्रपतीला चिकटू शकतो, आणि त्यावर तू काय बोलशील ते ऐकण्याची मला उत्सुकता आहे.

मतमोजणीचे आकडे निवडणूक आयोगाच्या प्रकाशनातून एकदा ताडून घे आणि पाठ करून बोल. कागद पाहून आकडे वाचणाऱ्याकडे परीक्षक कानाडोळा करतात. आई विचारते आहे की दिवाळीला तू कोणत्या तारखेला निघणार, ते उलट टपाली कळव.

तुझे,
बाबा